पाहुणे येईपर्यंत

तात्याराव गाडेकरांनी बेचाळीस वर्षांत साडेचारशेच्या वर लग्नांत सनई वाजवली, पण मारवा एकदाही पुरा केला नव्हता. यात त्यांचा दोष नव्हता. गोरज मुहूर्त म्हणजे मारव्याचीच वेळ. ऊन उतरायचं, मांडवात धूळ उठायची, तात्याराव डोळे मिटून कोमल रिषभावर जरा कुठं टेकायचे, तोच कुणीतरी पळत यायचं, "नवरदेव आला. हे बंद करा, नाचायचं वाजवा." भूम तालुक्यातला नवरदेव कधी वेळेवर आल्याचं कुणी ऐकलं नाही. मारव्याच्या मध्यावर मात्र तो बरोबर यायचा.

त्यांच्या मागं बसून त्यांच्या बायको भीमाबाई सूर धरायच्या. सूर धरायची सनई वेगळी असते. तिची भोकं मेणानं बुजवलेली. तिच्यातून एकच स्वर निघतो, षड्ज, आणि तो तुटता कामा नये. गालात वारा साठवायचा आणि तो गालानंच पुढं ढकलता ढकलता नाकानं नवा श्वास आत घ्यायचा. हे काम आधी धाकटा दीर करायचा. तो पुण्याला वॉचमन होऊन गेला आणि ऐन लग्नसराईत तात्यारावांच्या मागची जागा रिकामी पडली. भीमाबाई तेव्हा एकतीस वर्षांच्या. त्यांनी महिनाभर घंगाळातल्या पाण्यात नळी घालून बुडबुडे काढले, आणि बुडबुडे तुटेनासे झाले तशा मागं जाऊन बसल्या. बाईमाणसानं तोंडाला सनई लावावी का, यावर गावात पंधरा दिवस चर्चा झाली. सोळाव्या दिवशी सरपंचाची म्हैस चोरीला गेली आणि लोक तिकडं लागले.

पुढं डीजे आला. दोन हंगाम मांडवातून बोलावणं नाही म्हटल्यावर प्रतीक, म्हणजे त्यांचा मुलगा, दोघांना दिल्लीला घेऊन गेला. तो केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयात होता आणि सरोजिनी नगरात त्याला दोन खोल्यांचा सरकारी क्वार्टर होता. गावाला सांगितलं, नातू आठ महिन्यांचा झाला, सुनेची रजा संपली, आता म्हाताऱ्यांची गरज आहे. हे खोटं नव्हतं. भीमाबाई सकाळी साडेपाचला उठायच्या, दोन डबे करायच्या, नातवाला अंघोळ घालायच्या, दुपटी धुवून बाल्कनीत वाळत टाकायच्या. नोव्हेंबर लागला तशी ती वाळताना काळी व्हायला लागली. शेतं जाळल्याचा धूर, गाड्यांचा धूर, आणि कुणाचाच नसलेला असा एक तिसरा धूर, सगळे मिळून क्वार्टरच्या जिन्यात येऊन बसायचे. हवा "गंभीर" आहे, असं प्रतीकचा मोबाइल रोज सांगायचा. हवा गंभीर म्हणजे काय, हे तात्यारावांच्या छातीला मोबाइलच्या आधी कळायचं. प्रतीकनं वडलांना मास्क आणून दिला. तात्यारावांनी तो लावला आणि सनई हातात घेऊन बराच वेळ विचार करत बसले.

गणपतीत दिल्लीकर मराठी मंडळींनी त्यांना आरतीच्या आधी वाजवायला बसवलं होतं. तिथं त्यांना अण्णासाहेब मिरीकरांनी ऐकलं. अण्णासाहेब मोठ्या हुद्द्यावरून रिटायर होऊन गुरुग्रामच्या एका उंच सोसायटीत राहत होते, आणि तिथल्या संगीत महोत्सवाचे अध्यक्ष होते. त्यांनी फोन केला. क्लबहाउसमध्ये खरा रंगमंच आहे, लोक खुर्च्यांवर बसून ऐकतात, चाळीस मिनिटं तुमची, संध्याकाळी साडेपाचला.

"वाजवू काय?" तात्यारावांनी विचारलं.

"तुम्हाला वाटेल ते."

तात्यारावांनी फोन खाली ठेवला. असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"मारवा," ते भीमाबाईंना म्हणाले. "पुरा."

"पुरा म्हंजे किती?"

"काय म्हाईत. कधी गेलोच न्हाई तितवर."

फॉर्म चेतनाच्या मोबाइलवर आला. चेतना म्हणजे प्रतीकची बायको. जन्म पहाडगंजचा, शाळा तिथलीच मराठी, तरी मराठीतले निम्मे शब्द मेट्रोत विसरून आलेली. रविवारी ती बाळाला मांडीवर घेऊन फॉर्म भरायला बसली.

"बाबा, गुरू कोण लिहू?"

"वडील. दुसरं कोन शिकवतंय."

"अच्छा. फॉरेन टूर?"

"न्हाई. हैदराबाद एकदा."

"घराणं?"

तात्याराव तिच्याकडं बघायला लागले. "तुला म्हाईत न्हाई? लग्नाच्या टायमाला तुझ्या वडलांनी समदी चौकशी केली की."

"मला माहितीये बाबा, पण त्यांनी विचारलंय ना यार फॉर्ममध्ये."

"मग लिही. घरानं चांगलं. कोर्टकचेरी न्हाई. दारू कुनी पीत न्हाई."

"धाकटा सोडून," कणीक तिंबता तिंबता भीमाबाई आतून म्हणाल्या.

"लिही, धाकटा सोडून."

चेतनानं सगळं लिहिलं. घराणं हा शब्द तिनं आयुष्यात एकदाच ऐकला होता, आणि तो स्वतःच्या लग्नात. पुढं साथीदारांचा रकाना होता. तबला, हार्मोनियम, तानपुरा. तबल्याला मानस दीक्षित नावाचा बँकेतला माणूस अण्णासाहेबांनी ठरवला होता.

"आईंना कशात टाकू? सूर असं नाहीये इथे."

"बग की नीट."

"नाहीये. 'इतर' आहे."

"मग टाक इतरमदी," भीमाबाई म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं तिथंच हाय मी."

रियाजाला जागा बाथरूमची. खालच्या मजल्यावरच्या मिश्राजींनी पहिल्या दिवशी वर येऊन विचारलं, घरात लग्न आहे का. दुसऱ्या दिवशी विचारलं, किती दिवस चालणार आहे. दुपारी बाळ झोपलं की तात्याराव बादली पालथी घालून तिच्यावर बसायचे, भीमाबाई उंबऱ्यावर. सनईच्या तोंडाशी असते ती पत्ती दिल्लीच्या कोरड्या हवेत तडकत होती. गावाकडून आणलेल्या आठ पत्त्यांतल्या पाच गेल्या. उरलेल्या तीन भीमाबाईंनी ओल्या फडक्यात गुंडाळून बाळाच्या दुधाच्या बाटल्यांशेजारी ठेवल्या. तात्याराव दहा मिनिटं वाजवायचे आणि खोकायचे. ते खोकत असताना भीमाबाई सूर सोडायच्या नाहीत. खोकला संपवून माणसाला परत यायला जागा नको का.

तीन दिवस आधी तालमीला गुरुग्रामला बोलावलं. मेट्रो, मग ऑटो, मग फाटक. फाटकावरच्या रखवालदाराच्या हातात मोबाइल होता आणि त्यात माणसांच्या जाती ठरलेल्या होत्या: पाहुणे, कॅब, कामवाली, डिलिव्हरी.

"काम क्या है?"

"सनई," तात्याराव म्हणाले.

"इसमें सनई नहीं है, अंकल." त्यानं बोट वर-खाली फिरवलं. "डिलिव्हरी लिख देता हूँ. क्या डिलिव्हर करना है?"

"मारवा," भीमाबाई म्हणाल्या.

"डिब्बे में है?"

"पिशवीत."

त्यानं तसं लिहिलं, आणि डिलिव्हरीवाल्यांना सामानाच्या लिफ्टनं जायचं असतं हे समजावून सांगितलं. लिफ्टमध्ये एक फ्रीज होता. तिघं मिळून वर गेले.

कार्यक्रमाची सगळी व्यवस्था विक्रांतकडं होती. पस्तिशीचा, कानात सतत कुणीतरी बोलत असलेला. मराठी होता, पण ते तो घाईच्या वेळी विसरायचा. त्यानं तात्यारावांच्या पाया पडल्यासारखं केलं आणि भीमाबाईंना म्हणाला, "काकू, तुम्ही प्लीज समोर बसा ना, ऑडियन्समध्ये. ड्रोन आमच्याकडे आहे."

भीमाबाईंनी छताकडं पाहिलं. ड्रोन त्यांनी गावात पाहिलेलं होतं, सोयाबीनवर फवारणी करताना. "ते कशाला आनि हितं?"

"अहो, ते उडणारं नाही. हे." त्यानं जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी दाखवली, बटण दाबलं, आणि पेटीतून षड्ज निघाला. अखंड. ना श्वास, ना गाल, ना घाम. "स्टेजवर दोनच आर्टिस्ट छान दिसतात. फ्रेम क्लीन राहते."

भीमाबाई समोर जाऊन बसल्या. खुर्ची मऊ होती. तात्यारावांनी पेटीच्या सुरावर मारवा सुरू केला. पेटीत काही खोट नव्हती. तीच अडचण झाली. सनईची पत्ती तोंडात तापली की स्वर केसभर वर चढतो. सूर धरणाऱ्यानं तेव्हा ओठ आवळून आपणही केसभर वर जायचं असतं, दोघं मिळून चढले की कुणी चढलं नाही. भीमाबाईंचे ओठ खुर्चीत बसल्या बसल्या आवळले गेले. पेटी जागची हलली नाही.

मागं साउंडवाला बसला होता. "अंकल," तो माइकवरून म्हणाला, "सुर से ऊपर जा रहे हो."

तात्याराव थांबले. बेचाळीस वर्षांत त्यांना लोकांनी वाजंत्री म्हटलं होतं, पंगतीत शेवटी बसवलं होतं, एकदा नवरदेवाच्या मामानं घोड्यावरून पैशांऐवजी शिवी फेकली होती. बेसूर कुणी म्हटलं नव्हतं. ते साउंडवाल्याला "सॉरी" म्हणाले.

मेट्रोत दोघांना शेजारी जागा मिळाली.

"मशीन चांगलं हाय," तात्याराव म्हणाले.

"व्हय."

तीन स्टेशनं गेली.

"मीच चढलो."

"मग मशीनला सांगायचं, बाबा मी चढलो, तू बी ये."

"चेष्टा करू नगं. स्टेज हाय, भीमे. चाळीस मिन्टं. लोक बसून ऐकनार. मी घेतो मशीनवर जमवून. तू समोर बस. इतक्या वर्सांत तू मला समोरनं ऐकलंच न्हाईस."

"समोरनं ऐकून काय करू? तोंड दिसतंय निस्तं. तुमचं काय चाललंय ते पाठीला कळतंय."

 तात्याराव खिडकीतल्या धुराला सांगितल्यासारखं म्हणाले, "भांडलो आन् काढून टाकलं तर?"

"कुटनं? आपन कुटं आत हावोत अजून? डिलिव्हरीत हावोत."

समोरच्या बाकावरच्या बाईनं मान वर करून पाहिलं. भीमाबाईंनी पदर नीट केला आणि पुढचं मराठीतच, पण हळू म्हणाल्या, "तुमी मशीनवर वाजवा न्हाईतर म्हशीवर वाजवा. मी माज्या जाग्यावर बसनार."

कार्यक्रमाच्या दिवशी हवा "अतिगंभीर" होती. प्रतीकनं कॅब केली. चेतना बाळ आणि बाळाचं सामान घेऊन मागं बसली. त्या सामानात दुपट्यांच्या खाली सुराची सनई होती. पाचला ते पोचले. या वेळी त्यांच्या गळ्यात कार्डं पडली, तात्यारावांच्या 'कलाकार', बाकीच्यांच्या 'पाहुणे'. मानस दीक्षित तबला लावत बसला होता. जाडसर, चाळिशीचा, बँकेतून थेट आलेला माणूस.

भीमाबाई कडेच्या तीन पायऱ्या चढल्या, गालिचाला वळसा घातला आणि तात्यारावांच्या मागं, उघड्या फळ्यांवर मांडी घालून बसल्या.

विक्रांत धावत आला. "काकू, असं नका ना करू. कार्पेट दोघांसाठीच आहे."

"मी कुटं मागितलं कार्पेट?"

"तुमच्यासाठी माइक नाहीये."

"नगं. सनईला माइक लागत न्हाई, लेकरा. तबल्याला दे तो."

"फॉर्ममध्ये तुमचं नाव..."

"हाय की. इतर."

विक्रांतनं तात्यारावांकडं पाहिलं. तात्याराव पत्ती तोंडात भिजवत होते आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्या मोजत होते. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. लग्नाला पस्तीस वर्षं झालेला माणूस याहून शूर होऊ शकत नाही. मानसनं मात्र हात लांब करून पेटीचं बटण बंद केलं.

"बसू दे ना यार," तो म्हणाला. "चांगलंय. मला सवय आहे, बँकेत पण मशीन बंद पडलं की बायकाच काम करतात."

विक्रांतच्या कानात कुणीतरी काहीतरी बोललं. त्याचा चेहरा बदलला. "ठीक आहे, ठीक आहे. काका, एक छोटासा चेंज. चीफ गेस्ट येईपर्यंत वाजवा. ते आले की मी हात वर करीन, तिथे थांबायचं. दीपप्रज्वलन आहे."

"चाळीस मिन्टं म्हनले व्हते सायेब," तात्याराव म्हणाले.

"गेस्ट ट्रॅफिकमध्ये आहेत. तुमचं नशीब असेल तर तासभर."

भीमाबाईंना समोरून काही दिसत नव्हतं, पण तात्यारावांच्या पाठीचा मणका सदऱ्याखाली एक बोट खाली बसलेला त्यांना दिसला. तो त्यांच्या ओळखीचा होता. प्रत्येक मांडवात, कुणीतरी पळत येताना दिसलं की तो असाच खाली बसायचा.

अण्णासाहेब ओळख करून द्यायला उभे राहिले. हातात फॉर्मची छापील प्रत होती, आणि चष्मा लावल्यावर जे दिसलं ते वाचायची त्यांना सरकारी सवय होती. "श्री. तात्याराव गाडेकर. गुरू, वडील. घराणं..." ते थांबले, आणि वाचूनच टाकलं. "घराणं चांगलं. कोर्टकचेरी नाही. दारू कुणी पीत नाही, धाकटा सोडून."

पन्नास-साठ माणसं होती, तेवढी हसली. पहिल्या रांगेत चेतनानं बाळाच्या टोपीत तोंड लपवलं. तात्यारावांचे कान लाल झाले. भीमाबाईंना मात्र यात हसण्यासारखं काय आहे ते कळेना. सगळं खरं तर होतं. त्यांनी सूर लावला.

तो लागला आणि हसू खाली बसलं.

मारव्यात षड्जाला सहसा शिवत नाहीत. रिषभावरून जायचं, धैवतावरून यायचं, घर समोर दिसत असताना दारावरून पुढं जायचं. ते घर जागेवर आहे हे कुणीतरी सांगत राहावं लागतं, एवढंच. तात्याराव रिषभावर टेकले, उठले, निषादाच्या बाजूनं फिरून पुन्हा आले. दारं उघडत होती, लोक येत होते, खुर्च्या सरकवत होते. हळूहळू खुर्च्यांचा आवाज कमी झाला. मानसनं ठेका धरला. दहाव्या मिनिटाला पत्ती तापली आणि सनई केसभर चढली. भीमाबाईंनी ओठ आवळले आणि बरोबर गेल्या. साउंडवाला काही बोलला नाही.

चौदाव्या मिनिटाला मागचा दरवाजा पूर्ण उघडला. बिल्डर कंपनीचे मोठे साहेब आले, बरोबर सहा माणसं. विक्रांतनं हात वर केला.

हात पुरता वर जायच्या आत तात्यारावांनी सनई खाली घेतली होती. बेचाळीस वर्षांची सवय, ती डोक्याला विचारून होत नाही. तबलाही थांबला. अण्णासाहेब माइककडं निघाले, साहेब समईकडं.

सूर चालू होता.

भीमाबाईंनी विक्रांतचा हात पाहिला होता. चांगला पाहिला होता. विक्रांतनं तो आणखी वर केला, मग दोन्ही हात केले, मग साउंडवाल्याला खूण केली. साउंडवाल्यानं सगळे खटके खाली ओढले. सुराला काही झालं नाही. तो कुठल्याच खटक्यातून येत नव्हता. पेटी असती तर तिला बटण होतं.

"नमस्कार," अण्णासाहेब म्हणाले. माइक बंद होता. त्यांचा नमस्कार पहिल्या रांगेपर्यंतही गेला नाही. साहेबांच्या हातात कुणीतरी पेटलेली मेणबत्ती दिली होती. ती घेऊन ते समईपाशी उभे राहिले आणि बाई थांबायची वाट पाहू लागले. थोर माणूस असल्यामुळं दिवा कुणीतरी सांगितल्याशिवाय लावता येत नव्हता.

भीमाबाईंचे गाल दुखायला लागले होते. नाकातून आत येणारा श्वास धुराचा होता आणि तो घशात जाऊन खरवडत होता. खोकला छातीत येऊन उभा राहिला. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता. आता जर खोकला आला तर संपलं, हे त्यांना कळत होतं. विक्रांत पायऱ्या चढून वर आला, "काकू, बस, बस," म्हणत त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. त्या तात्यारावांच्या पाठीकडं बघत होत्या.

पाठ हलली. आजवर वाजवताना तात्यारावांनी मागं वळून पाहिलं नव्हतं. मागं माणूस आहे हे गृहीत होतं. आता त्यांनी पाहिलं. फुगलेले गाल, ओले डोळे, आणि त्या डोळ्यांत, बाजारातून मिठाशिवाय परत आलेल्या नवऱ्याकडं बघावं तसा भाव.

तात्याराव पुढं वळले. पत्ती ओठात धरून भिजवली, घाई न करता. मणका एक बोट वर आला. मग जिथं सोडला होता तिथूनच त्यांनी रिषभ उचलला.

मानस दीक्षित तयारच होता. विक्रांत दोघांच्या मध्ये उकिडवा अडकला. तिथून उठून जाणं हे तिथं बसण्यापेक्षा वाईट दिसलं असतं, म्हणून तो बसून राहिला. फ्रेम बिघडायची ती बिघडलीच होती. अण्णासाहेबांनी दोन मिनिटं पाहिलं, माइक सोडला, आणि साहेबांच्या कोपराला धरून त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मेणबत्ती साहेबांच्या हातातच राहिली. तिचं मेण त्यांच्या बोटांवर उतरत होतं. त्यांनी ती शेवटी फुंकून विझवली आणि मांडीवर आडवी धरली.

आणखी सव्वीस मिनिटं. लय वाढली. तात्याराव दोनदा खोकले. दोन्ही वेळा सूर जागेवर होता आणि ते परत आले. पत्ती आणखी चढली, भीमाबाई आणखी चढल्या. त्यांचे ओठ बधिर झाले होते, पाय मुंग्यांनी भरले होते. तात्याराव आता अशा ठिकाणी होते जिथं त्या दोघांपैकी कुणीच कधी गेलं नव्हतं, आणि तिथं पुढं काय असतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते धैवतावर बराच वेळ थांबले. निषादावरून रिषभावर गेले. आणि मग, इतका वेळ ज्याच्या दारावरून पुढं जात होते, त्या षड्जावर उतरले आणि उभे राहिले.

दोन सनयांचा एकच स्वर झाला. कोणता कुणाचा हे पाठीलाही कळेना.

तात्यारावांनी सनई खाली घेतली. तबला थांबला. भीमाबाईंनी सूर आणखी दोन श्वास धरला, कुणाला काही म्हणायचं आहे का ते पाहिलं, आणि मग स्वतःच्या मर्जीनं सोडला.

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा त्या पदर तोंडावर घेऊन खोकत होत्या. मनसोक्त खोकल्या. तात्याराव हात जोडायचं विसरून नुसते समोर बघत बसले होते. खोकला संपल्यावर भीमाबाईंनी डोळे पुसले आणि मध्ये अडकलेल्या विक्रांतच्या खांद्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "आता येऊ द्या तुमच्या पाव्हन्यांना."